बिआ होय: व्हिएतनामची एका दिवसाची बिअर (तांदूळ, केग आणि इतर भानगडी)

निळाई
मुंबईहून हनोई-सायगॉनला थेट विमानं सुरू झाल्यापासून व्हिएतनामच्या धाग्यावर बिअरचे प्रश्न सारखे येतात आणि व्हिसा-हॉटेलांच्या गर्दीत बुडतात. म्हणून हा वेगळा धागा. माझे प्रश्न असे:
'बिआ होय' म्हणजे पाणी घातलेली स्वस्त बिअर, की ती मुळातच वेगळी बनवतात? तांदूळ फक्त पैसे वाचवायला घालतात का? ती बाटलीत का दिसत नाही? आणि कोणाला वीस लिटरच्या मापाचं प्रमाण ठाऊक असेल तर तापमानांसकट लिहा.
"मस्त लागते, नक्की प्या" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

बुडबुडा
आधी नाव. 'बिआ' हा फ्रेंच शब्दावरून आलेला, म्हणजे बिअर. 'होय' म्हणजे वाफ किंवा वायू. (आपल्या कानाला "बिया? होय!" असं ऐकू येतं, त्याला इलाज नाही.) बाटलीतली ती 'बिआ चाय', कॅनमधली 'बिआ लोन'.
बिआ होय ही हलकी लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेली बिअर. मद्यार्क साधारण ३ ते ४ टक्के, कडवटपणा अगदी कमी, पाश्चरीकरण नाही. पहाटे केग (बिअरची धातूची पिंपं) भरायचे, सकाळी ट्रकने दुकानात पोचवायचे आणि रात्रीपर्यंत संपवायचे. केग संपला की दुकानदार हात वर करतो.
बाटलीचं उत्तर यातच आहे. बाटलीतली बिअर महिनोन्‌महिने टिकायला हवी, म्हणून ती तापवतात. ६० अंशांवर एक मिनिट म्हणजे एक पाश्चरीकरण एकक. तापमान वाढलं की हा आकडा झपाट्याने चढतो: ६२ अंशांवर १० मिनिटं ठेवली तर १९ एककं भरतात. बाटलीबंद लागरला साधारण १५ ते २५ एककं देतात. एवढ्या उष्णतेने जंतू मरतात, पण सोबत ताज्या ब्रेडसारखा जो कोवळा वास असतो तोही जातो. बिआ होयमध्ये लोकांना आवडतो तो नेमका हाच वास. टिकाऊपणा सोडून त्यांनी वास राखला, एवढंच.

दवंडी
"पाणी घातलेली" यात थोडं तथ्य आहे, पण त्याचा अर्थ भेसळ असा नाही. जगभरातले मोठे कारखाने बिअर दाट आंबवतात. १५ अंश प्लेटोचा (प्लेटो म्हणजे विरघळलेल्या साखरेचं माप) वर्ट, म्हणजे आंबण्याआधीचा गोड धान्यरस, आंबवून शेवटी १० अंशांच्या बिअरइतका पातळ केला की एका लिटरचा दीड लिटर होतो आणि तेवढ्याच टाक्यांत दीडपट माल निघतो. अट एकच: ते पाणी प्राणवायू काढलेलं हवं. साधं पाणी घातलं तर काही दिवसांत बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो.
खरी पातळ भानगड वेगळीच आहे. हनोईत बिननावाच्या केगमधून जी अतिस्वस्त बिअर विकतात तिला 'बिआ कॉ' म्हणतात, शब्दशः 'गवती बिअर'. त्यात काय आणि किती आहे हे तिच्या कारखानदारालाच ठाऊक. केगवर कारखान्याचं नाव आणि दुकानावर त्याचा अधिकृत फलक दिसला नाही तर पुढच्या दुकानात जावं.

तूस
आता तांदूळ. व्हिएतनाममध्ये बार्ली पिकत नाही, हॉप्सही (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) नाहीत. दोन्ही बाहेरून येतात. तांदूळ मात्र दाराशी. त्यामुळे पैशांचा भाग आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढंच नाही.
तांदळात प्रथिनं कमी, रंग नाही, स्वतःची चव जवळजवळ नाही. मॉल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) जागी २५-३० टक्के तांदूळ गेला की बिअर फिकट होते आणि घशाखाली कोरडी उतरते. पस्तीस अंशांच्या दमट हवेत चार ग्लास पोटात जायचे तर अंगाची जड बिअर चालतच नाही.
तोटेही आहेत. प्रथिनं कमी म्हणजे फेस लवकर बसतो. यीस्टला लागणारं नत्र मॉल्टमधून येतं, तांदळातून जवळपास शून्य. तांदूळ ४० टक्क्यांवर नेला तर यीस्ट उपाशी राहतं, आंबणं रेंगाळतं आणि गंधकाचा वास येतो. त्यात तांदळाला टरफल नसतं, त्यामुळे गाळणीचा थर बसत नाही. तिसाच्या आत राहिलात तर मॉल्टच्या टरफलावर काम भागतं. पुढे जायचं असेल तर भाताचं धुतलेलं तूस मिसळा. (माझं नाव त्यावरून नाही.)

रानवारा
निळाई, प्रमाण देतो. २० लिटर, सुरुवातीची घनता १.०३६, शेवटची १.००९, मद्यार्क साडेतीन टक्के. कार्यक्षमता, म्हणजे धान्यातली किती साखर उतरते ती, ७५ टक्के धरली आहे.

साहित्य: फिकट लागर मॉल्ट २.२ किलो, तांदळाची कणी ९०० ग्रॅम, १२ टक्के अल्फाचा (कडवटपणा देणाऱ्या आम्लाचा) मॅग्नम हॉप ७ ग्रॅम, साझ हॉप १० ग्रॅम, डब्ल्यू-३४/७० यीस्टची साडेअकरा ग्रॅमची २ पाकिटं.

कणी वेगळी शिजवावी लागते, कारण तांदळातला स्टार्च ७०-८० अंशांच्या आसपास, काही जातींत त्याहूनही वर फुलतो, तर मॉल्टमधली विकरं तिथवर पोचेपर्यंत मरतात. कणीत मॉल्टपैकी २०० ग्रॅम दळलेलं मॉल्ट आणि ५ लिटर पाणी घाला. ७० अंशांवर १५ मिनिटं धरा. एवढ्याशा मॉल्टमुळे पेज पातळ होते, नाहीतर खळ होऊन चमचा उभा राहतो. मग उकळी आणून २५ मिनिटं शिजवा, सतत ढवळत. तळाला लागली तर ती फेका. करपट वास पुढच्या कुठल्याही पायरीत जात नाही.

तेवढ्यात दुसऱ्या भांड्यात उरलेलं २ किलो मॉल्ट ८ लिटर पाण्यात ५० अंशांवर भिजत ठेवा. पेज ८८-९० अंशांपर्यंत उतरू द्या आणि तीन-चार हप्त्यांत मॉल्टमध्ये ओता. मिश्रण ६४-६५ वर यायला हवं. उकळती पेज एकदम ओतलीत तर पारा ६८ च्या पुढे जातो, न आंबणारी साखर वाढते आणि बिअर कोरडी होण्याऐवजी जाडसर लागते. घाई करणारे नेमके इथे फसतात. सगळी पेज ओतूनही ६३ च्या खाली राहिलं तर भांड्याला मंद आच द्या.

६४-६५ वर एक तास. आयोडीनच्या थेंबाने निळा-जांभळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी १५ मिनिटं थांबा. मग ७६ अंशांवर नेऊन गाळा. वरून ७६ अंशांचं १३ लिटर पाणी हळू सोडा. उकळायला २३ लिटरच्या आसपास वर्ट मिळेल. एक तास उकळा, झाकण उघडं. झाकलंत तर शिजलेल्या मक्याचा वास आतच राहतो. मॅग्नम सुरुवातीला, साझ शेवटच्या १० मिनिटांत. एकूण कडवटपणा १२ एककांच्या आसपास, त्याहून जास्त नको.

झटपट १२ अंशांवर थंड करा, यीस्ट टाका. सहा-सात दिवसांत घनता १.०१४ च्या आसपास आली की १६ अंशांवर दोन-तीन दिवस चढू द्या, मग १-२ अंशांवर आठवडाभर. केगमध्ये ४ अंशांवर ०.७ बार दाब ठेवला तर लिटरला साधारण साडेचार ग्रॅम वायू मुरतो.

बुडबुडा
+१. एक भर. १६ अंशांवरचे ते दोन-तीन दिवस बरेच लोक वगळतात, "हलकी बिअर आहे, काय बिघडतंय" म्हणून. बिघडतं ते इथेच. लोण्यासारखा वास देणारा डायॅसेटिल यीस्ट स्वतःच परत शोषून घेतं, पण त्याला ऊब आणि वेळ लागतो. जड बिअरमध्ये हा वास लपतो, बिआ होयसारख्या कोऱ्या बिअरमध्ये पहिल्या घोटाला कळतो. तपासायची रीत: नमुना झाकून गरम पाण्यात ६०-६५ अंशांवर २० मिनिटं ठेवा, गार करा, न तापवलेल्या नमुन्याशेजारी हुंगा. तापवलेल्याला लोण्याचा वास आला तर आणखी दोन दिवस थांबा.

निळाई
रानवारा, आभार. दोन शंका. कणी कुठली घेऊ, इंद्रायणी चालेल का? आणि वेगळं शिजवणं टाळायचं असेल तर काही मार्ग?

तूस
इंद्रायणी नको. चिकट तांदळाची पेज ढवळता ढवळता हात भरून येतात, आणि ज्या वासासाठी तुम्ही तिला मान देता तो तासाभराच्या उकळीत उडून जातो. कोलमची साधी कणी उत्तम. बघायचं ते एवढंच की ती पांढरी, चांगली कांडलेली आणि ताजी असावी. कोंडा लागलेल्या जुन्या कणीतलं तेल खवट होतं, फेस मारतं आणि बिअरलाही खवटपणा देतं.
वेगळं शिजवायचं नसेल तर आपल्या घरात उत्तर आहे: पोहे. भात गरम पाण्यात भिजवून, भाजून, चेपून पोहे होतात, म्हणजे स्टार्च आधीच फुललेला. परदेशात 'फ्लेक्ड राइस' म्हणून महागडी पिशवी विकतात, ती जवळपास हीच वस्तू. पातळ पोहे ९०० ग्रॅम थेट मॉल्टमध्ये, सगळं मिळून १३ लिटर पाणी, ६५ अंशांवर ७५ मिनिटं. जाड पोहे घेतलेत तर आधी हाताने चुरा. आयोडीनची चाचणी इथे जास्त मनावर घ्या, कारण पोह्यांचा प्रत्येक माल सारखा भाजलेला नसतो.

रानवारा
पोह्यांची युक्ती मान्य, पण एक फरक सांगतो. पोह्यांची बिअर किंचित भाजकी लागते. हनोईच्या बिअरशी ताडून बघायची असेल तर कणीच.

संपादक मंडळ
सूचना: महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरीही. वरची कृती परवानाधारक मायक्रोब्रुअरीत काम करणाऱ्यांसाठी आणि जिथे घरगुती बिअरला मुभा आहे अशा देशांतल्या सभासदांसाठी समजावी. धागा चालू राहू दे.

नुसताच_वाचक
हे सगळं सुरू कुणी केलं? आणि व्हिएतनामची बिअर आता थायलंडची झाली म्हणतात ते खरं का?

दवंडी
सुरुवात फ्रेंचांची. १८७५ साली व्हिक्तोर लारू याने सायगॉनमध्ये छोटा कारखाना काढला, १८९० मध्ये ओमेल याने हनोईत. सायगॉनचा कारखाना पुढे 'बेजेइ' या फ्रेंच कंपनीचा झाला. १९५४ मध्ये फ्रेंच गेल्यावर हनोईचा कारखाना बंद पडला. तो चेकोस्लोव्हाकियाच्या तंत्रज्ञांच्या मदतीने पुन्हा उभा केला आणि १९५८ मध्ये 'त्रुक बाक' नावाची पहिली बाटली बाहेर आली. म्हणजे हनोईच्या बिअरची आजी फ्रेंच असली तरी आई चेक म्हणायला हरकत नाही. रेशनच्या काळात बिआ होय कुपनावर मिळायची.
सायगॉनचा कारखाना १९७७ मध्ये सरकारने घेतला. तिथली जुनी '३३' ही बिअर नंतर '३३३' झाली, उच्चार 'बा बा बा'. मद्यार्क ५.३ टक्के. तिला बिआ होय समजू नका.
मालकीबद्दल: सायगॉनची कंपनी 'साबेको', हनोईची 'हाबेको'. २०१७ च्या डिसेंबरमध्ये सरकारने साबेकोचे ५३.५९ टक्के भाग थाईबेव्हच्या कंपनीला सुमारे ४८० कोटी डॉलरना विकले. म्हणजे साबेको थाई, हे खरं. पण पूर्ण उद्योग थाई नाही. हाबेकोत सरकार अजून मोठं भागीदार आहे, डेन्मार्कची कार्ल्सबर्ग छोटी. ह्युए शहरातली 'हुदा' कार्ल्सबर्गची. नावच 'ह्युए' आणि 'डेन्मार्क' जोडून केलेलं. टायगर, लारू, बिआ व्हिएत या हायनेकनच्या. आपल्याकडची किंगफिशरही आता त्याच हायनेकनच्या ताब्यात, त्यामुळे किंगफिशरचा आणि टायगरचा मालक एकच आहे.

नुसताच_वाचक
आणि कर? इथे बिअरच्या बाटलीत निम्मा करच असतो.

दवंडी
तिथेही तेच चाललंय. बिअरवरचा विशेष उपभोग कर २०१८ पासून ६५ टक्के. २०२५ मध्ये झालेल्या कायद्याप्रमाणे २०२७ ला ७० टक्के, मग दरवर्षी ५ ची भर पडत २०३१ ला ९० टक्के. त्याआधीचा मोठा तडाखा १ जानेवारी २०२० चा. त्या दिवसापासून गाडी चालवणाऱ्याच्या श्वासात मद्याचा अंशही चालत नाही. मर्यादा शून्य. सायकलवाल्यालाही दंड आहे. दुचाकींच्या देशात याचा अर्थ काय होतो तो तुम्हीच लावा. रस्त्याकडेच्या दुकानांचा धंदा बसला. २०२४ मध्ये हायनेकनने क्वांग नाम प्रांतातला कारखाना थांबवला तेव्हाही मागणी घटल्याचंच कारण होतं. पर्यटकांसाठी व्यवहारी अर्थ एवढाच: भाड्याची स्कूटर हॉटेलवर ठेवा.

निळाई
सायगॉनमध्ये बिअरमध्ये बर्फ टाकतात. हे ऐकून आमच्याकडचे बिअरवाले कानावर हात ठेवतात. त्यात काही शास्त्र आहे की सवय?

बुडबुडा
गरजेतून आलेली सवय. क्रेट दुकानाबाहेर उन्हात असतात, फ्रीज पुरत नाहीत. हिशेब करून बघा. ३३० मिली बिअर ३० अंशांवरून ५ वर आणायला जवळपास ९७ ग्रॅम बर्फ पूर्ण वितळावा लागतो. पाच टक्क्यांची बिअर मग ३.९ टक्क्यांची होते. गंमत बघा, बर्फ टाकलेली बाटलीतली बिअर मद्यार्काच्या बाबतीत बिआ होयच्या पंक्तीला येऊन बसते! गरम बिअरसाठी हा सौदा वाईट नाही. गार बिअरमध्ये बर्फ टाकणं मात्र वाया.
टाकायचाच तर बर्फ आधी पाण्याने धुऊन घ्या. कोरड्या खरखरीत बर्फावर बुडबुडे एकदम सुटतात आणि अर्धा ग्लास फेसच होतो. नळीसारखा, मधे भोक असलेला बर्फ कारखान्यातला असतो. लादी फोडून केलेल्या तुकड्यांपासून पोट सांभाळा.

दवंडी
आणि तो ग्लास! हिरवट, जाडसर, आत बुडबुडे अडकलेला, साधारण अर्ध्या लिटरचा. १९७६ मध्ये ले हुय वान या कलाकाराने त्याचा आराखडा केला. पूर्वीच्या नाम दिन्ह प्रांतातल्या एका गावात भंगार काच वितळवून तो हाताने फुंकतात. दोन ग्लास शेजारी ठेवले तर उंचीत फरक निघतो. एवढी वर्षं झाली तरी हनोईत दुसरा ग्लास रुजला नाही.

रानवारा
थोडं क्राफ्टबद्दल, म्हणजे छोट्या कारखान्यांतल्या प्रयोगशील बिअरबद्दल. सायगॉनमध्ये २०१५ ला सुरू झालेल्या पाश्चर स्ट्रीटने मोगऱ्याच्या जातीच्या फुलांची आयपीए (भरपूर हॉप्सची कडवट बिअर) केली आणि स्थानिक वाट उघडली. हनोईत फो या नूडल्सच्या सुपाच्या मसाल्यांची बिअर मिळते. दालचिनी, चक्रीफूल असलं काही घालायचं असेल तर उकळीच्या शेवटच्या ५ मिनिटांत, आणि २० लिटरला एकच चक्रीफूल. दोन टाकलीत तर खोकल्याचं औषध होतं. बाकी क्राफ्टवर वेगळा धागा काढा, किमती आणि गिऱ्हाईक दोन्ही निराळे.

नुसताच_वाचक
शेवटचा प्रश्न. दुकानात बसल्यावर बिअर ताजी आहे की कालची हे ओळखायचं कसं? चव माहीतच नसेल तर?

तूस
आधी केग बघा. छोट्या दुकानांत तो स्टँडवर आडवा असतो, तोटीतून किंवा प्लॅस्टिकच्या नळीतून बिअर नुसत्या उताराने वाहते, वायूचा दाब नाही. बिअर बाहेर जाते तेवढी हवा आत शिरते. म्हणून असा केग उघडल्यावर काही तासांचाच सोबती. दुपारी उघडलेला रात्रीपर्यंत ठीक, दुसऱ्या दिवशी नाही. तेव्हा गर्दीचं दुकान निवडा. तिथे केग शिळा व्हायला वेळच मिळत नाही. सिलिंडर आणि कूलर लावलेल्या दुकानात एखादा दिवस जास्त चालतं.
मग ग्लास. ओतल्यावर दोन बोटं फेस यावा आणि निदान मिनिटभर टिकावा. फेस आला आणि लगेच फाटून गेला तर बहुधा ग्लास तेलकट आहे. बिअर बदलण्याआधी ग्लास बदलून मागा. फेस आलाच नाही तर वायू गेलाय, म्हणजे केग जुना.
मग नाक. पुठ्ठा म्हणजे हवा लागलेली, कालची. आंबट, शिरक्यासारखा वास म्हणजे नळी धुतलेली नाही. ताज्या केगमध्येही असा वास येऊ शकतो, कारण जंतू बिअरमध्ये नसून नळीत असतात. लोणी आलं तर दोन शक्यता: कारखान्याची घाई, किंवा पुन्हा नळीच. शेजारच्या दुकानात त्याच कारखान्याची बिअर स्वच्छ लागली तर दोष नळीचा. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कोवळी असताना काढली. अपाय नाही, पण पुढचा ग्लास मागवू नका.

बुडबुडा
नळीबद्दल पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रुअरीवाल्यांनाही सांगतो. दोन आठवड्यांतून एकदा २ टक्के कॉस्टिक सोड्याचं द्रावण, नळीत १५-२० मिनिटं फिरतं ठेवून, मग उतरणाऱ्या पाण्यावर लिटमस तटस्थ दाखवेपर्यंत साध्या पाण्याने धुवायचं. तोटी सुटी करून ब्रशने, रोज रात्री. प्लॅस्टिकची नळी आतून पिवळी पडली की धुणं बंद, नळी बदलायची.

निळाई
सगळ्यांचे आभार. कोलमची कणी आणि पातळ पोहे, दोन्ही १०-१० लिटरचे घाणे शेजारी शेजारी लावायचे ठरतंय, एका परवानाधारक ठिकाणी. रानवारा, १० लिटरला सगळं सरळ निम्मं करू ना?

रानवारा
धान्य, हॉप्स, यीस्ट निम्मं. पाणी नाही. एक तासाच्या उकळीत भांड्याच्या तोंडाप्रमाणे वाफ जाते, मालाच्या मापाप्रमाणे नाही. त्याच भांड्यात केलंत तर १० लिटरच्या घाण्यातूनही तासाला तेवढेच ३ लिटर उडतील. म्हणून उकळायला १३ लिटर घ्या. आणि कणी अर्धी असल्यामुळे पेज लवकर गार होते. ९२-९३ वरच ओतायला सुरुवात करा.